हाताची सुई, यंत्राची सुई

डोकेदुखीची गोळी घेताना, पाकिटावर लिहिलंय तेवढं औषध तिच्यात खरंच आहे का, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. तो आधीच कुणीतरी विचारलेला असतो. माझी उभी नोकरी तो विचारण्यातच गेली.

याचं उत्तर देणारं यंत्र म्हणजे द्रव क्रोमॅटोग्राफ, आमच्या बोलीत 'एचपीएलसी'. बारीक भुकटी ठासून भरलेल्या पोलादी नळीतून, म्हणजे कॉलममधून, पंप द्रावक ढकलत राहतो. गोळीचं द्रावण त्या प्रवाहात सोडलं की त्यातले घटक कमीअधिक वेळानं बाहेर पडतात आणि आलेखावर एकेक शिखर उमटतं. आम्ही त्याला 'पीक' म्हणतो. शेतातल्या पिकाशी त्याचा संबंध नाही, पण ते चांगलं यावं म्हणून जीव तेवढाच टांगणीला! शुद्ध औषधाचं, म्हणजे स्टँडर्डचं, शिखर शेजारी ठेवून गोळीतलं प्रमाण काढायचं.

द्रावण सोडायचं ते किती? बहुधा 20 मायक्रोलिटर, म्हणजे अर्ध्या थेंबाहून कमी. आत शंभर-दोनशे वातावरणांचा दाब, तेव्हा नुसती सुई टोचून भागत नाही. त्यासाठी सहा तोंडांचा व्हॉल्व्ह असतो, त्याला बारीक नळीचं एक वेटोळं, लूप. हॅन्डल एका बाजूला असताना लूप सिरिंजनं भरायचं आणि चटकन फिरवलं की प्रवाह लूपमधून वळून द्रावण घेऊन जातो. ऑटोसॅम्पलर हेच काम रात्रभर, न कंटाळता, बाटल्यांच्या ट्रेमधून करतो.

मग हाताचा व्हॉल्व्ह ठेवायचाच कशाला? तर ट्रेची वाट बघता येत नाही असं एखादं नमुनं येतं, किंवा ऐन रात्री ऑटोसॅम्पलरची सुई अडते. आम्ही दोन्ही एकाच ओळीत बसवले होते. पंप, ऑटोसॅम्पलर, मग हाताचा व्हॉल्व्ह आणि त्याला चिकटून कॉलम. जोडनळ्या आखूड आणि बारीक हव्यात. पाव मिलिमीटर पोकळीच्या दहा सेंटिमीटर नळीत जवळजवळ पाच मायक्रोलिटर मावतात, आणि अशा जागेत द्रावण पसरलं की शिखर रुंदावतं. हॅन्डल चुकून 'इंजेक्ट'वर राहिलं तर ऑटोसॅम्पलरचं नमुनंही आख्ख्या लूपमधून फिरून येतं. आणखी एक तार विसरू नये: हॅन्डल फिरताच नोंद सुरू करणारी.

पण खरी फसगत वेगळीच. एका रात्री ऑटोसॅम्पलर अडकला. स्टँडर्ड त्यानं टोचून झालं होतं, गोळ्यांची द्रावणं ड्यूटीवरच्या मुलानं हातानं टोचली. निकाल 93 टक्के, मर्यादा किमान 95. सगळी बॅच अडकली.

सकाळी मी त्याला विचारलं, "लूपमध्ये किती भरलंस?"

"वीसच, सर. लूप वीसचा आहे ना."

इथंच चुकलं होतं. नळीच्या मधोमध द्रव सरासरीच्या दुप्पट वेगानं धावतो, कडेचा रेंगाळतो. अर्धं लूप भरेपर्यंत पुढची धार सांडायच्या तोंडाशी पोचलेली असते. वीस मायक्रोलिटर भरले की त्यातले काही वाया जातात आणि कडेला जुना द्रावक राहतो. म्हणून पूर्ण लूप वापरायचं तर तीन-चार पट द्रावण ढकलायचं, थोडंच टोचायचं तर लूपच्या निम्म्याच्या आत राहायचं. शिवाय लूपवरचा आकडा ढोबळ असतो. स्टँडर्ड आणि नमुनं एकाच वाटेनं गेलं तर ती चूक दोघांना सारखीच लागते आणि भागाकारात उडून जाते. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या की ती उरते. त्या रात्री चांगली बॅच नापास ठरत होती. चूक उलट दिशेची असती तर कमी औषधाची गोळी पास झाली असती, हे जास्त भयंकर.

चुकीची रीतसर नोंद केली. मग मुलानं स्टँडर्ड आणि नमुनं, दोन्ही हातानं, लूप ओसंडून भरत, प्रत्येकी सहा वेळा टोचली. निकाल 99च्या आसपास आला. दुपारी बॅच सुटली, आणि संध्याकाळपर्यंत हॅन्डलपाशी त्याच्याच अक्षरात चिठ्ठी लागली होती: 'हातानं नमुनं, तर स्टँडर्डही हातानं. काम झालं की लोडवर.'