कॉलिटन पॅरिश नोंदवह्या

कॉलिटन पॅरिश नोंदवह्या : इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील कॉलिटन या गावच्या चर्चमध्ये ठेवलेल्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील वस्ती. येथील नोंदी १५३८ पासून जवळजवळ अखंड उपलब्ध असल्याने, सामान्य ग्रामस्थांच्या कौटुंबिक इतिहासाचे त्या एक महत्त्वाचे साधन ठरल्या आहेत.

आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशमध्ये अशी नोंदवही ठेवण्याचा आदेश काढला. १५९८ मध्ये नोंदी चर्मपत्राच्या वहीत उतरवून घेणे व त्यांची प्रत दरवर्षी बिशपकडे पाठविणे बंधनकारक झाले. मूळ वही गहाळ झाली असल्यास या प्रती उपयोगी पडतात. १७५३ व १८१२ च्या कायद्यांनी नोंदींचे स्वरूप ठराविक केले. १८३७ मध्ये शासकीय जन्ममृत्यू व विवाहनोंदणी सुरू झाली.

कॉलिटनला विशेष महत्त्व आले ते ई. ए. रिग्ली यांच्या १९६६ मधील अभ्यासामुळे. फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञ ल्वी आंरी यांची ‘कुटुंब-पुनर्रचना’ पद्धती त्यांनी वापरली. तीत प्रत्येक नोंद वेगळ्या चिठ्ठीवर घेऊन, नावांच्या आधारे चिठ्ठ्या जुळवून एकेका दांपत्याचा विवाह, अपत्ये व मृत्यू यांचा तक्ता तयार करतात. त्यावरून विवाहाचे वय, दोन अपत्यांमधील अंतर व बालमृत्यूचे प्रमाण काढता येते.

दफनांच्या नोंदींवरून असे दिसते, की १६४५-४६ मधील प्लेगने एका वर्षात गावची सु. एक-पंचमांश लोकसंख्या मृत्युमुखी पडली. स्त्रियांचे प्रथम विवाहाचे सरासरी वय १५६०–१६४६ या काळात २७ वर्षे होते; ते १६४७–१७१९ मध्ये २९·६ वर्षांपर्यंत वाढले व १७७०–१८३७ मध्ये २५·१ वर्षांपर्यंत उतरले. पूर्वीच्या काळी विवाह लहान वयातच होत, हा समज त्यामुळे टिकला नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दांपत्ये बुद्धिपुरस्सर संततिनियमन करीत असावीत, असेही रिग्ली यांनी सुचविले. त्याविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत.

या साधनाच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. नोंद जन्माची नसून बाप्तिस्म्याची असल्याने, तत्पूर्वीच दगावलेली अर्भके तीत सापडत नाहीत. इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून फुटून निघालेल्या पंथांचे अनेक अनुयायी आपल्या मुलांचा बाप्तिस्मा तेथे करीत नसत. कामधंद्यासाठी गाव सोडून गेलेल्यांचा माग मध्येच तुटतो. त्यामुळे निष्कर्ष प्रामुख्याने गावातच स्थिरावलेल्या कुटुंबांना लागू पडतात. म्हणूनच वंशावळ जुळविताना केवळ नामसाम्यावर विसंबणे धोक्याचे असते. मृत्युपत्रे व करवसुलीच्या याद्या यांच्याशी नोंदी ताडून पाहाव्या लागतात. एका गावावरून देशाचे अनुमान काढणेही अपुरे असल्याने रिग्ली व आर. एस. स्कोफील्ड यांनी १९८१ मधील ग्रंथात ४०४ पॅरिशांच्या नोंदींचा आधार घेतला.

चर्चच्या व राज्याच्या सोयीसाठी ठेवलेल्या या वह्यांमुळे शेतमजूर, कारागीर व त्यांची मुले यांचा इतिहास लिहिणे शक्य झाले. मात्र ज्यांची नोंदच झाली नाही, अशांची उणीव त्या भरून काढू शकत नाहीत.