पिशवी, मोळी आणि ठिसूळ हाडं

दसरा उलटला की जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतल्या तांड्या-वस्त्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या भरू लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. याच दिवसांत, २० ऑक्टोबरला, जगभर ऑस्टिओपोरोसिस दिन पाळला जातो. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई त्या दिवसाच्या भाषणांत सहसा नसते. असायला हवी.

हाड हे जिवंत असतं. जुनं खरवडायचं, नवं भरायचं, हे काम त्यात जन्मभर चालतं. तिशीपर्यंत भर जास्त असते, पुढे खरवड वरचढ होते. बाईच्या शरीरात या खरवडीला आवर घालतं ते इस्ट्रोजेन. पाळी गेली की तो आवर सुटतो आणि पहिल्या काही वर्षांत झीज झपाट्याने होते. पाश्चात्य देशांत पाळी सरासरी ५१व्या वर्षी जाते, आपल्याकडे चार-पाच वर्षं आधी.

आणि पिशवीच काढली असेल तर? शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न २०१९मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, आणि त्यातल्या बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या. चर्चा झाली ती पाळीच्या दिवसांत खाडे पडण्याची, मुकादमाच्या दंडाची, खासगी दवाखान्यांच्या नफ्याची. हाडांचं कुणी फारसं बोललं नाही. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पस्तिशीतली बाई एका दिवसात पाळी गेलेली होते. अंडाशयं ठेवली तरी ती लवकर थकण्याचा धोका राहतो. पन्नाशीत व्हायची झीज मग पस्तिशीतच सुरू होते, तीही मोळ्या उचलणाऱ्या कण्यात.

ताटातही फार काही नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी पोट भरते, पण कॅल्शियम त्यात नाममात्र. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, पण नाचणी कोकणात पिकते. आपल्याकडे तीळ आहे. तिळाची चटणी संक्रांतीपुरती न ठेवता रोज घ्यावी. दूध डेअरीला जातं, घरात उरतं ते चहापुरतं. वर मिश्री आणि तंबाखू, दोन्ही हाडांचे वैरी. तंबाखूत चुना असतो म्हणून कॅल्शियम मिळतं, हा युक्तिवाद मी कौतुकाने ऐकला आहे, पण तो खोटा आहे.

खुबा मोडण्याचं प्रमाण जगात सर्वाधिक नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कमध्ये आहे, दूध-लोणी मुबलक असूनही. तेव्हा नुसतं दूध प्या म्हणणंही अपुरंच. जपानमध्ये ४० ते ७० वयाच्या बायकांना दर पाच वर्षांनी हाडांच्या तपासणीची सोय आहे. ग्लासगोत १९९९पासून हाड मोडून आलेल्या प्रत्येक वयस्क रुग्णाला गाठून ‘पुढचं हाड मोडू नये’ म्हणून उपचार सुरू करणारी यंत्रणा उभी राहिली. आपल्याकडे फुकट शिबिरात टाचेला मशीन लावतात आणि आकड्याची चिठ्ठी देतात. त्यावरून निदान होत नाही. निदानासाठी खुबा आणि कंबरेच्या मणक्यांची, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४च्या व्याख्येनुसार त्या तपासणीतला टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेला की रोग पक्का.

औषधं आहेत. अॅलेन्ड्रोनेटची आठवड्याला एक गोळी, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. झोलेड्रॉनिक अॅसिडचं सलाईन वर्षातून एकदा. खुबा मोडलेल्यांना ते दिलं तेव्हा मृत्यू २८ टक्क्यांनी घटले, असं २००७च्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. डेनोसुमॅबचं इंजेक्शन सहा महिन्यांनी; ते मधेच बंद केलं तर मणके दबण्याचा धोका उसळतो, म्हणून पैशाचा अंदाज घेऊनच सुरू करावं. पण गावाकडे खुबा मोडला की गोळा बदलतात, प्लेट टाकतात, टाके काढतात आणि कॅल्शियमची पट्टी देऊन घरी पाठवतात. मोडलेलं जोडलं जातं, ठिसूळपणा तसाच राहतो.

जालन्याला २०२४मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ग्लासगोसारखी, हाड मोडून आलेल्यांची नोंदवही तिथल्या अस्थिरोग विभागात ठेवायला एक परिचारिका पुरेल.

दिवाळीला गावी गेलात तर आईला भिंतीला टेकवून उभं करा आणि उंची मोजा. तरुणपणीपेक्षा चार सेंटिमीटरहून जास्त कमी भरली, किंवा घसरून मनगट मोडल्याचं तिने सांगितलं, तर डेक्सा करून घ्या. पिशवी कितव्या वर्षी काढली, तेही विचारा.