कुंपणाचे कंत्राटदार आणि विमा : दायित्व कोणाचे, खर्च कोणाचा?

लोहमार्ग, द्रुतगती महामार्ग, सौरऊर्जा प्रकल्प आणि वनक्षेत्रांच्या सीमा अशा सर्वच ठिकाणी कुंपणाच्या कामांना देशात मोठी मागणी आहे. राजस्थानसारख्या राज्यात शेतीच्या ‘तारबंदी’साठी शासकीय अनुदानही दिले जाते. ही कामे प्रत्यक्षात करतात ते बहुधा आठ-दहा मजुरांची टोळी बाळगणारे छोटे कंत्राटदार. खड्डा खणताना भूमिगत वीजवाहिनीस पहार लागणे, लोखंडी खांब उभारताना तो वरच्या विद्युततारेस टेकणे, ताणलेली काटेरी तार सुटून डोळा जाणे हे या व्यवसायातील नित्याचे धोके होत.

अशा अपघातात मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने प्रस्थापित केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. तत्त्व मात्र तेच राहिले. येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. कायद्याने मालकावर दायित्व टाकले आहे. ते पेलण्यासाठी विमा काढण्याची सर्वसाधारण सक्ती केलेली नाही. परिणामी अनेक छोटे कंत्राटदार विम्याविना काम करतात आणि अपघातानंतरच या दायित्वाचा आकार त्यांना उमगतो.

तो आकार लहान नाही. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. या हिशेबासाठी धरावयाच्या वेतनाची मर्यादा जानेवारी २०२० मध्ये ८,००० रुपयांवरून १५,००० रुपये करण्यात आली. तीस वर्षे वयाच्या मजुरासाठी गुणक २०७.९८ आहे. म्हणजे १५,००० रुपये वेतनावर भरपाई १५,५९,८५० रुपये होते. एक महिन्यात ती न दिल्यास व्याज चढते आणि दंडही होऊ शकतो. विमा असला तरी दंड मालकालाच भरावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्पष्ट केले आहे.

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेस कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. मालकाचे अंशदान वेतनाच्या ३.२५ टक्के, तर कामगाराचे ०.७५ टक्के असते. दरमहा १५,००० रुपये वेतनाच्या दहा मजुरांसाठी मालकास वर्षाला ५८,५०० रुपये भरावे लागतात. हा खर्च टाळण्यासाठी टोळी नऊवरच रोखण्याचा मोह होतो. परंतु या योजनेत असलेल्या कामगाराच्या अपघाताची भरपाई राज्य विमा महामंडळ देते. योजनेबाहेरच्या कामगाराची भरपाई मालकाच्या खिशातून जाते. वरील उदाहरणातील एका मृत्यूची भरपाई सव्वीस वर्षांच्या अंशदानाहून अधिक भरते. ही काटकसर म्हणावी की जुगार?

योजनेबाहेरच्यांसाठी सर्वसाधारण विमा कंपन्यांची कर्मचारी नुकसानभरपाई पॉलिसी उपलब्ध आहे. तिचा हप्ता जाहीर केलेले एकूण वेतन आणि कामाचे स्वरूप यांवर ठरतो. हप्ता वाचविण्यासाठी वेतन कमी दाखविल्यास दावाही त्याच प्रमाणात कापला जाण्याची शक्यता असते. संहितेने घर ते कामाचे ठिकाण या प्रवासातील अपघातही विशिष्ट परिस्थितीत भरपाईपात्र मानला आहे. जुन्या पॉलिसीच्या अटी त्या दृष्टीने तपासून घ्याव्यात.

गैरसमजही कमी नाहीत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत मजुरांचे वार्षिक २० रुपये भरले की काम भागले, असे काही कंत्राटदार मानतात. त्या योजनेचे दोन लाख रुपये कुटुंबास मिळतात, पण मालकाचे दायित्व त्याने फिटत नाही. ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ पॉलिसी काम, साहित्य आणि त्रयस्थांचे नुकसान यांना संरक्षण देते. स्वतःचे मजूर त्रयस्थ ठरत नाहीत. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा केवळ घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी आहे. रस्त्यावर पडलेल्या तारेत अडकलेल्या वाटसरूसाठी स्वतंत्र, ऐच्छिक विमाच लागतो. वाहनाचा त्रयस्थ विमा तेवढा सर्वत्र सक्तीचा आहे.

हप्त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. नोंदणीकृत कंत्राटदारास त्याची वजावट मिळू शकते. नोंदणी नसलेल्या छोट्या कंत्राटदारास तो निव्वळ खर्च ठरतो. खरी अडचण मात्र निविदा पद्धतीत आहे. जेथे किमान दराची निविदा स्वीकारली जाते आणि विम्याचा खर्च एकूण दरातच गृहीत धरला जातो, तेथे विमा काढणारा महाग ठरतो आणि न काढणाऱ्याला काम मिळते. मजुराची भरपाई कंत्राटदाराने न दिल्यास ती मूळ काम देणाऱ्याकडून मागता येते आणि त्याने ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावयाची असते. छोट्या कंत्राटदाराकडून अशी वसुली किती होईल, हे सांगावयास नको. म्हणूनच विमा हप्ता ही निविदेतील स्वतंत्र बाब करून पावती सादर केल्यावर ती रक्कम अदा करणे शासकीय विभागांच्याही हिताचे आहे. त्या पॉलिसीत उपकंत्राटदारांच्या मजुरांचा स्पष्ट समावेश असावा, कारण प्रत्यक्षात खांब तेच रोवतात.