मीटर ११० दाखवतोय: इंजिन तापलंय की सेन्सर गेलाय?

नेहमीप्रमाणे सदरमधूनच बोलतोय, मागे हॉर्न ऐकू आले असतील तर सांभाळून घ्या. या भागाचं लेखी रूप जरा सविस्तर देतोय, कारण आकडे ऐकताना निसटतात.

एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. पोकलेनवर ऑपरेटर आहे. 'भाऊ, दुपारी दोननंतर कूलंटचा मीटर हळूहळू १०५-११० वर जातो, मशीनची ताकद कमी होते. मेकॅनिक म्हणतो सेन्सर खराब आहे, कपलर काढून टाक नं काम चालू ठेव. काढू का?'

नको काढू भाऊ. का ते सांगतो.

स्क्रीनवर दिसणारं तापमान हे खरं तर एका व्होल्टेजवरून काढलेलं गणित असतं. इंजिनच्या पाण्याच्या वाटेत एक थर्मिस्टर बसवलेला असतो. तो तापला की त्याचा रेझिस्टन्स घटतो. एका नेहमीच्या प्रकारात २० अंशाला अडीच हजार ओहम, ८० ला साधारण सव्वातीनशे, १०० ला दोनशेच्याही खाली. इंजिनचा कंट्रोलर, म्हणजे ईसीएम, ५ व्होल्ट एका ठरावीक रेझिस्टरमधून पाठवतो आणि सेन्सरपाशी किती व्होल्ट उरले ते वाचतो. त्यावरून तक्त्यात बघून अंश ठरवतो. बस, एवढंच.

आता वायर तुटली तर? रेझिस्टन्स अनंत, ईसीएमला वाटतं भयंकर थंडी आहे. वायर घासून बॉडीला टेकली तर? रेझिस्टन्स शून्य, ईसीएमला वाटतं आग लागली. हेवी मशीनच्या जे १९३९ नेटवर्कवर कूलंटचं तापमान एका बाइटमध्ये जातं आणि त्यातला शून्य म्हणजे उणे ४० अंश. म्हणून काही मशीनवर सेन्सरची वायर निघाली की उणे ४० दिसतं. मे महिन्यात नागपुरात उणे ४०! हे खोटं आहे हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

पण ५६ अंश दिसले तर? हे आपल्याकडे खरंच झालंय. ३० मे २०२४ ला रामदासपेठच्या स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली, सोनेगावला ५४. मोबाइलवर स्क्रीनशॉट फिरले. पण जिल्ह्यातली बाकीची दोन स्वयंचलित केंद्रं ४४ च्या आसपास होती, आणि नागपूरचा आजवरचा उच्चांक आहे ४७.९, मे २०१३ चा. हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. एकट्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, शेजारच्याला विचारायचं. इंजिनवरही पद्धत हीच.

मशीन रात्रभर उभी असेल तर सकाळी स्टार्टर न मारता फक्त चावी ऑन करा. कूलंट, इनटेकची हवा, हायड्रॉलिक तेल, सगळ्यांचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. बाकी सगळे ३१ नं कूलंट एकटा ५८ म्हणत असेल, तर खोटं कोण बोलतंय ते कळलं. सगळेच एकदम वेडेवाकडे असतील तर सेन्सर सोडा, सगळ्यांची मिळून असलेली अर्थची वायर शोधा.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि मला डेटा बघताना हीच सगळ्यात जास्त उपयोगी वाटते. एवढं सगळं कूलंट एका सेकंदात ४० अंशांनी तापू शकत नाही. आकडा उडी मारत असेल, खड्ड्यात बादली आपटली की ८५ वरून १३० आणि परत ८५, तर ती वायरिंगची गडबड. आकडा हळूहळू चढत असेल, लोड वाढला की वर, रिकामं चालवलं की खाली, तर ती खरी उष्णता. आपल्या श्रोत्याचं नेमकं हेच आहे. दुपारी, लोडवर, हळूहळू. त्याने रेडिएटरच्या जाळीतली धूळ, फॅनचा बेल्ट आणि कूलंटची पातळी बघावी. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडायचं. आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

कपलर काढला तर काय होतं? ईसीएमला तापमान कळत नाही. बरीच इंजिनं मनाने एक आकडा धरून चालत राहतात, पण ताकद कमी करून स्वतःला वाचवणं बंद होतं. मग हेड गॅस्केट जातं, हेड वाकतं, नाहीतर इंजिन सीझ. सेन्सरची किंमत आणि इंजिनची किंमत, हिशोब तुम्हीच करा.

कोड वाचायचं यंत्र मिळालं तर काम सोपं होतं. एसपीएन ११० म्हणजे कूलंटचं तापमान. त्यापुढचा एफएमआय ३ किंवा ४ असेल तर व्होल्टेज मर्यादेबाहेर आहे, म्हणजे वायर, कपलर किंवा सेन्सर. २ म्हणजे आकडा भरकटतोय. पण ०, १५ किंवा १६ आला तर ईसीएम म्हणतोय की माझ्या लेखी सेन्सर ठीक आहे, इंजिन तापलंय. त्या कोडवर सेन्सर बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फेकणं.

आता सगळ्यात फसवा प्रकार. इथे कोडही येत नाही. कपलरच्या पिनवर गंज चढलाय आणि वाटेत १०० ओहम जादा आलेत असं समजा. सकाळी ३० अंशाला सेन्सर स्वतःच सतराशेच्या आसपास असतो, त्यात १०० मिसळले तर फरक एक-दोन अंशांचा. सकाळची परीक्षा पास! पण कूलंट खरं १०० अंशावर गेलं की १८७ चे २८७ होतात आणि मीटर दाखवतो ८४-८५. ऑपरेटर निवांत, इंजिन शिजतंय. म्हणजे असा गंज तापमान कमी दाखवतो, आणि नेमका गरम असताना जास्त फसवतो.

दिल्लीत मुंगेशपूरच्या केंद्रावर २९ मे २०२४ ला ५२.९ अंश आले होते. तिथे प्रमाणित यंत्राशी तुलना केल्यावर केंद्र सुमारे ३ अंश जास्त दाखवतंय असं निघालं. तसंच इथे करायचं. इंजिन लोडवर गरम करून थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड गन धरायची आणि स्क्रीनशी ताडून बघायचं. चकचकीत धातूवर गन कमी आकडा दाखवते, म्हणून काळी टेप चिकटवून तिच्यावर धरा. बाहेरचा धातू आतल्या पाण्यापेक्षा थोडा थंडच असणार. तरीही गन स्क्रीनपेक्षा जास्त दाखवत असेल, तर कपलर उघडून पिना साफ करा आणि परत मोजा.

आणि एक. कूलंटच गळून गेलं असेल तर सेन्सर हवेत लटकतो, आणि चांगला सेन्सरसुद्धा कमी तापमान सांगू शकतो. म्हणून मल्टिमीटर काढण्याआधी कूलंटची पातळी बघायची.