बाद झालेल्यांची रांग

कॉलेजच्या मैदानावर कबड्डीची मॅच रंगली की तुमची नजर कुठे असते? चढाई करणाऱ्यावर. साहजिकच आहे. शिट्ट्या त्याच्यासाठी, मोबाइलचे कॅमेरे त्याच्याकडे. पण पुढच्या वेळी दोन मिनिटं बाजूला बघा. बाद झालेले गडी तिथे ओळीने बसलेले असतात. त्यातल्या एकाने मघाशीच दोन जणांना टिपलेलं असतं आणि आता तो गुडघ्याला हात लावून गप्प बसलाय. त्याला स्वतःहून आत येता येत नाही. अंगात कितीही दम असू दे. आतल्या कुणी समोरचा गडी बाद केला तर हा उठणार, तेही याचा नंबर आला असेल तर. जो आधी बाद झाला तो आधी आत. आणि नुसत्या बोनस गुणावर कुणीच आत येत नाही.

कबड्डीतली ही गोष्ट मला फार आवडते. क्रिकेटमध्ये आऊट झालात की पॅड सोडा आणि चहा घ्या. इथे मात्र तुमचं परत येणं पूर्णपणे दुसऱ्याच्या हातात असतं.

तुमच्यातले काही जण रील्सवर का होईना, अमेरिकन फुटबॉल बघत असतील. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. संघाचं सगळं आक्रमण त्याच्या डोक्यातून चालतं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्याला जाणार. आपल्याकडे दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’, म्हणजे गुण आणा नाहीतर बाद व्हा. टॉम ब्रेडी हा त्यातला सगळ्यात यशस्वी. सात सुपर बोल जिंकले त्याने. पण २००० साली संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा त्याचा नंबर लागला १९९वा. २०१७च्या अंतिम सामन्यात त्याचा संघ ३-२८ असा मागे होता, तिथून ३४-२८ने जिंकला. मोठा माणूस, वादच नाही. फक्त एक लक्षात घ्या, त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे असतात. आपल्या रेडरपुढे कुणी नसतं. मध्यरेषा ओलांडली की तो, त्याचा श्वास आणि ३० सेकंद.

मग कबड्डीतलं आक्रमण एकट्याचंच का? मलाही आधी तसंच वाटायचं. अस्लम इनामदारचा खेळ नीट बघायला लागलो आणि मत बदललं.

अस्लम अहिल्यानगर जिल्ह्यातला, साध्या घरातून आलेला. प्रो कबड्डीत तो पुणेरी पलटणकडून उतरला आणि पहिल्याच मोसमात नाव कमावलं. पुढच्या मोसमात, २०२२ला, पलटण पहिल्यांदाच अंतिम फेरीत गेली. आणि नेमकं तेव्हाच अस्लम आणि मोहित गोयत हे दोन्ही हुकमी रेडर दुखापतीने बाहेर! उपांत्य सामना पंकज मोहितेने ओढून नेला. तमिळ थलायवाजविरुद्ध ३९-३७, त्यात एकट्या पंकजचे १६ गुण. १७ डिसेंबरला मुंबईत अंतिम सामना झाला आणि जयपूरने तो ३३-२९ने घेतला. चार गुणांचा फरक. ज्याच्या पायात ते चार गुण होते, त्याला बाहेर बसून ते जाताना बघावे लागले. हे कसं वाटत असेल, ते ज्याला सिलेक्शनच्या आदल्या आठवड्यात घोटा मुरगळून घरी बसावं लागलंय त्याला सांगायला नको.

पुढच्या मोसमात अस्लम कर्णधार झाला. प्रशिक्षक बी. सी. रमेश. साखळीतल्या २२ सामन्यांत पलटण फक्त दोन हरली. १ मार्च २०२४ला हैदराबादमध्ये हरियाणाला २८-२५ने हरवून पलटणने पहिल्यांदा करंडक उचलला. आता गंमत बघा. मोसमातला सर्वोत्तम खेळाडू अस्लम ठरला, पण सर्वाधिक चढाईगुण त्याचे नव्हते, ते दिल्लीच्या आशू मलिकचे होते. पकडीत पहिला नंबर पलटणच्याच इराणी शादलूचा. आणि अंतिम सामन्यात पुण्याकडून सर्वाधिक नऊ गुण घेतले पंकज मोहितेने. हो, तोच.

तर मग अस्लमने केलं काय? त्याची एखादी मॅच मोबाइलवर पुन्हा लावा आणि तो चढाई करत नसतो तेव्हा बघा. कोपऱ्यात कोण उभं आहे, साखळी कुठे तुटतेय, आता कुणाला पाठवायचं, हे त्याचं सतत चालू असतं. बचावात गरज पडली तर स्वतः अंगावर झेपही घेतो. आघाडी असेल तेव्हा तो घाई करत नाही. निदान रेषा ओलांडतो, समोरच्यांना नाचवतो, वेळ काढून परत येतो. प्रेक्षकांना कंटाळा येतो, संघाला मात्र श्वास मिळतो. आपल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत मला हे फार कमी दिसतं. समोर तीनच गडी उरलेत, पकड झाली तर त्यांना दोन गुण मिळणार हे माहीत असूनही आपला रेडर टाळ्यांच्या नादात खोलवर घुसतो. मीही घुसायचो म्हणा. कोपरारक्षकाने घोटा धरला की मग बाहेर बसून मित्रांच्या नावाने ओरडायचं, ‘अरे, मला आत घ्या!’

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, ७ ऑक्टोबर २०२३ला, भारत-इराण अंतिम सामना २८-२८वर आला. शेवटचा एक मिनिट उरला असताना पवन सेहरावतच्या चढाईवरून वाद झाला आणि खेळ जवळपास तासभर थांबला. अंग थंड पडतं, डोकं तापतं. शेवटी भारताने ३३-२९ने सुवर्ण घेतलं. त्या संघात अस्लम होता, आपल्या महाराष्ट्राचा आकाश शिंदेही होता.

इथे गोष्ट संपली असती तर छान पोस्टर झालं असतं. पण २०२४च्या मोसमात अस्लम पुन्हा दुखापतीने बाहेर गेला आणि गतविजेती पलटण बाद फेरीतसुद्धा पोहोचली नाही. २०२५ला तो परतला, संघाला अंतिम फेरीत नेलं, आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीत दिल्लीकडूनच २८-३१ अशी हार. तीन गुणांनी.

हे सगळं नंदुरबारात बसून का सांगतोय? कारण शहाद्यापासून धडगावपर्यंत तुमच्यातले कितीतरी जण मातीवर कबड्डी खेळतात आणि निवड चाचणीला एकदम मॅटवर उतरतात. माती पाय सरकू देते. मॅटवर बूट चिकटतो, पाय तिथेच राहतो आणि गुडघा फिरतो. त्यात पोलिस भरतीची तयारी, खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, सर्टिफिकेटची आशा. म्हणून दुखतंय हे सरांना सांगायचंच नाही, पट्टी बांधून उतरायचं. माझ्याबरोबरच्या एका मुलाने हेच केलं. डावा कोपरा सांभाळायचा, काय पकड होती त्याची! पट्टीवर तीन मॅच खेळला. चौथीत गुडघा गेला आणि भरतीचं धावणंही गेलं. आम्हाला सगळ्यांना तो लंगडताना दिसत होता. तो बाहेर बसला तर डावीकडे कोण, म्हणून आम्ही एकानेही सरांना सांगितलं नाही. तो अजून मॅच बघायला येतो. रेषेजवळ उभा राहतो आणि नव्या पोरांना ओरडून सांगतो, ‘पाय नको बघू, कंबर बघ त्याची!’