पोट का सुटते?



लठ्ठपणाला आपल्या भाषेने फारसे वाईट म्हटलेले नाही. माणसाचे अंग भरते, त्याची तब्येत सुधारते, आणि तो खात्यापित्या घरचा दिसू लागतो. लग्नानंतर जावई वाळला तर सासुरवाडीला बोल लागतो. त्याचे पोट सुटले तर कोणी काही म्हणत नाही. ज्या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसला तेथे असे व्हावे यात नवल नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली आणि सुकडीवर दिवस काढलेली माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांच्या डोळ्यांना नातवाचे गुबगुबीत गाल हे सुखाचेच लक्षण वाटणार. अडचण एवढीच की दिवस पालटले, आणि भाषा मात्र तेथेच राहिली.

दिवस किती पालटले ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकड्यांवरून दिसते. २००५-०६ साली देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १२.६ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर होते. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा २४ टक्क्यांवर गेला. पुरुषांचा ९.३ वरून २२.९ वर आला. शहरांतील स्त्रियांपैकी तर तिसरा हिस्सा या वर्गात मोडतो. पंधरा वर्षांत माणसाचा स्वभाव बदलत नाही, त्याचे बीजही बदलत नाही. लोक एकाएकी अधाशी झाले किंवा आळशी झाले असे म्हणण्यात काही अर्थ नाही. बदलली ती राहणी.

लठ्ठ माणसाला हसण्याची रीत मात्र जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निंदित मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांची चर्चा आहे आणि त्यांत अतिस्थूल व अतिकृश हे दोघेही आहेत. तथापि तेथे नुसती निंदा नाही. जड, गोड व स्निग्ध अन्नाचे अतिसेवन, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप अशी कारणे देऊन शिवाय ‘बीजस्वभाव’ हेही एक कारण म्हणून सांगितले आहे. म्हणजे काहींना हा वारसा जन्मतःच मिळतो, हे त्या काळच्या वैद्यांना ठाऊक होते. आज दोन घास जास्त घेणाऱ्या सुनेला टोमणे मारणाऱ्यांना ते ठाऊक नसते, असो.

आता स्थूलता मोजावयाची कशी? किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे, ही युक्ती क्वेटेले नावाच्या बेल्जियन गणित्याने एकोणिसाव्या शतकात काढली. त्यालाच आज बी. एम. आय. म्हणतात. जगात सामान्यपणे २५ च्या पुढे वजन जास्त आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा असे मानतात. भारतीयांसाठी मात्र आपल्या डॉक्टरांनी या रेषा २३ आणि २५ वर ओढल्या आहेत. आपल्यासाठी वेगळी फूटपट्टी का, याचे उत्तर बरेचसे पुण्यातच मिळालेले आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मधुमेहतज्ज्ञांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे छायाचित्र छापले. शेजारी शेजारी उभे असलेले दोन सडसडीत गृहस्थ, दोघांचाही बी. एम. आय. अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या अंगात ती ९.१ टक्के भरली आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. तराजूला दोघे सारखे, आणि आतून एकात दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक चरबी. लेखातच विनोदाने कारणही दिले होते. युडकिन हे मॅरेथॉन धावणारे, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्याआधी तिच्यात शिरण्यासाठी धावणे! पण दुसरे कारणही त्यांनी नोंदविले होते, आणि ते विनोदाचे नव्हते: जन्माच्या वेळी याज्ञिकांचे वजन कमी होते.

या दुसऱ्या कारणाचा माग पुण्याजवळच्या खेड्यांत लागला. १९९३ पासून तेथे गरोदर स्त्रियांची व त्यांच्या बाळांची पद्धतशीर पाहणी चालू झाली. त्या बाळांचे जन्मवेळचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. वजनातील ही तूट सगळ्या अंगात सारखी असती तर गोष्ट निराळी होती. पण आपले बाळ स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत बरेच कमी भरले. त्वचेखालच्या चरबीत मात्र ते फारसे मागे नव्हते. दिसायला किरकोळ आणि आतून चरबीचे, असे हे शरीर. गर्भात अन्नाची ओढाताण झाली की शरीर स्नायूंवर काटकसर करते आणि चरबी राखून ठेवते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

स्नायू कमी असल्याने बिघडते काय? जेवणानंतर रक्तात जी साखर येते ती साठविण्याचे मोठे कोठार म्हणजे स्नायू. कोठारच लहान असेल तर ते लवकर भरते, आणि उरलेल्या मालाची चरबी होऊन ती दुसरीकडे जागा शोधते. त्वचेखाली जागा संपली की ती पोटाच्या पोकळीत आतड्यांभोवती आणि यकृतात जाऊन बसते. मांडीवरची चरबी बरीचशी निरुपद्रवी असते. पोटातली तशी नव्हे. तिच्यातून सुटलेली स्निग्धाम्ले थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरतात, यकृत इन्शुलिनचे ऐकेनासे होते, आणि स्वादुपिंडाला दुप्पट राबावे लागते. ते दमले की मधुमेह. म्हणूनच आपल्याकडे चाळिशीच्या आत, हातपाय काड्यांसारखे असणाऱ्या कारकुनालाही तो गाठतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही माणसांचा अंदाज दहा कोटींच्या वर निघाला, आणि पोटाचा घेर प्रमाणाबाहेर असणारे प्रौढ जवळजवळ ४० टक्के निघाले. सगळ्या अंगाने लठ्ठ असलेल्यांहून पोटाने लठ्ठ असलेलेच आपल्यात जास्त.

तेव्हा ‘मी कुठे लठ्ठ आहे?’ हे आपल्या मंडळींचे समाधान पुष्कळदा खोटे असते.

आता ताटाकडे वळू. आपला माणूस फार खातो असे नाही, पण जे खातो ते बहुतेक एकाच जातीचे असते. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भात, संध्याकाळी बिस्किटे, रात्री पुन्हा पोळी-भात. त्यांत बटाट्याची भाजी आणि वाटीच्या तळाशी वरण. आपल्या देशातील माणसाला मिळणाऱ्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून आणि साखरेतून येतात, असे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. प्रथिनांचा वाटा अगदी बेताचा. नांगर धरणाऱ्या माणसाला हे अन्न पचे. खुर्चीवर बसणाऱ्याला ते साचते. उपवास तर आपण साबुदाण्यावर करतो, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. वर तूप, दाणे आणि बटाटा. ‘एकादशी दुप्पट खाशी’ असे आपल्या आज्यांनीच म्हणून ठेवले आहे.

त्यात तेलाची भर. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज सदतीस-अडतीस ग्रॅम तेल पोटात जाते. बैठे काम करणाऱ्याला पंचवीस-तीस ग्रॅम पुष्कळ झाले. बाहेर खाल्लेला वडा, भजी, फरसाण यांचे तेल या हिशेबात धरलेलेच नाही. गृहिणींना दोष देऊ नये; डाळ आणि पालेभाजी महाग, आणि साखर, मैदा व तेल स्वस्त, अशी बाजाराची रचना असल्यावर कमी पैशांत पोट कशाने भरावयाचे? लठ्ठपणा हा श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही, त्याचे मोठे कारण हे आहे.

खाण्याचा हिशेब माणूस निदान मनात ठेवतो. पिण्याचा ठेवतच नाही. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून पाच वेळा घेणाऱ्याच्या पोटात नुसत्या चहातून पन्नास ग्रॅम साखर जाते. वर्षाचे अठरा किलो झाले! जागतिक आरोग्य संघटनेने साखरेची जी वरची मर्यादा सांगितली आहे, ती दोन हजार उष्मांकांच्या आहारात एवढीच, पन्नास ग्रॅम, भरते. म्हणजे मर्यादा चहातच संपली. बाकीचे गोड त्यावर. हे दिवस उन्हाळ्याचे. व्याख्यान सुटल्यावर रसवंतीगृहात जो उसाच्या रसाचा ग्लास आपण घेणार आहात, त्यात चांगली तीस-पस्तीस ग्रॅम साखर असते. बाटलीबंद पेयांचीही तीच गत. आणि पातळ पदार्थाची खोड अशी की तो पोट भरल्याची जाणीव फारशी देत नाही. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या तर माणूस रात्री एक कमी खाईल; दोन ग्लास सरबत प्याला म्हणून कोणी जेवणातून काही वगळीत नाही.

दुसऱ्या पिण्याविषयी बोलताना लोक इकडेतिकडे पाहतात. मी येथे नीतीचा प्रश्न काढीत नाही, फक्त हिशेब मांडतो. एक ग्रॅम साखरेत चार उष्मांक, एक ग्रॅम तेलात नऊ, आणि एक ग्रॅम मद्यार्कात सात. साठ मिलिलिटरच्या एका पेल्यात सुमारे १४० उष्मांक पडतात. ‘स्ट्राँग’ बिअरच्या मोठ्या बाटलीत साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे तीन पोळ्यांहून अधिक. पण खरी गोम पुढेच आहे. मद्यार्क शरीराला साठविता येत नाही, म्हणून यकृत बाकीची कामे बाजूला सारून आधी तोच जाळते. तोपर्यंत चरबी जाळण्याचे काम थांबते. नेमक्या त्याच वेळी समोर तळलेले शेंगदाणे, चिवडा, कबाब असा चकणा येतो, त्यातले तेल आपसूक कोठारात जमा होते, आणि विवेकाचा पहारा सैल झालेला असल्याने रात्री अकरा वाजता पुन्हा बिर्याणी मागविली जाते. ‘मी रोज घेत नाही, शनिवारीच घेतो’ असे सांगणाऱ्याने शनिवारच्या या सगळ्या रकमा एकदा कागदावर मांडून पाहाव्यात.

राहता राहिला व्यायाम. तासभर झपझप चालल्याने सत्तर किलोच्या माणसाचे, बसून खर्च झाले असते त्याहून, पावणेदोनशे उष्मांक जास्त खर्च होतात. एका वडापावात तीनशेच्या घरात असतात. हा हिशेब पाहून कित्येक लोक चालणे सोडून देतात. तो हिशेब बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही.

पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीत ज्याँ मेयर व त्यांचे भारतीय सहकारी यांनी केलेली पाहणी १९५६ साली प्रसिद्ध झाली. हलक्या कामापासून अंगमेहनतीच्या कामापर्यंत पाहिले, तर जसे काम वाढे तसे खाणे वाढे, आणि वजन होते तेथेच राही. शरीराचा तराजू नीट चाललेला होता. पण दिवसभर दुकानात बसून राहणाऱ्यांचे आणि मुकादमांचे काय? काम सर्वांत कमी म्हणून खाणेही सर्वांत कमी असावयास हवे होते. प्रत्यक्षात हलके काम करणाऱ्यांपेक्षा त्यांचे खाणे जास्त होते, आणि वजनही जास्त होते. हालचाल एका मर्यादेच्या खाली गेली की भूक आणि गरज यांची सांगड सुटते. चालण्याचा मोठा फायदा जळालेल्या उष्मांकांत नाही. भुकेला ताळ्यावर ठेवण्यात आहे.

त्याच सुमारास लंडनमध्ये जेरेमी मॉरिस हे दुमजली बसगाड्यांच्या नोकरांचा अभ्यास करीत होते. चालक दिवसभर बसलेला, वाहक दिवसभर जिने चढ-उतर करणारा. चालकांत हृदयविकार जास्त, वाहकांत कमी, असे त्यांनी १९५३ साली दाखविले. पुढे गणवेशाच्या विजारींची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या कमरा वाहकांहून रुंद निघाल्या. तेव्हा हा सगळा कमरेचाच प्रताप असावा अशी शंका आली; पण पोट सुटलेल्या वाहकालाही जिन्याने संरक्षण दिलेच होते. वजन कमी होत नाही म्हणून फिरणे बंद करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता आपल्या गावात हा जिना कोठे राहिला आहे? पाटा-वरवंटा गेला, आडाचा रहाट गेला, हे बरेच झाले. बायकांच्या पाठी मोडत होत्या. पण पुणे हे सायकलींचे शहर होते, ते स्कूटरींचे झाले; कोपऱ्यावर कोथिंबीर आणावयाची तरी गाडी निघते. पदपथावर गाड्या आणि टपऱ्या, शाळेच्या पटांगणात मोटारी, आणि मुलांच्या खेळाच्या तासाला गणिताची जादा शिकवणी. ‘चालावयास जा’ असे डॉक्टरने सांगावे आणि नगरपालिकेने चालण्यास जागा ठेवू नये, यात दोष एकट्या रोग्याचा कसा? भूक कमी करणारी नवी इंजेक्शने २०२५ साली आपल्या बाजारात आली. ज्यांना स्थूलतेमुळे व्याधी जडल्या आहेत त्यांना ती वरदानच आहेत, पण ती डॉक्टरच्या देखरेखीखाली घ्यावयाची, आणि थांबविल्यावर गेलेले वजन बहुधा परत येते.

घरी जाऊन करता येण्याजोगी एक गोष्ट सांगतो. शिंप्याकडची फीत घ्यावी. खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता घेर मोजावा. पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांचा ८० च्या आत असावा. विजारीच्या मापावर विसंबू नये. आपल्याकडे पोट सुटलेले गृहस्थ विजार पोटाच्या खाली बांधतात, आणि कित्येक वर्षे माप बदलले नाही म्हणून निश्चिंत असतात.