पडत्या काळाने राखलेलं गाव

जुन्या इमारती टिकतात त्या माणसांनी जपल्यामुळे, असं आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या वायव्य कोपऱ्यातलं गॅलेना हे गाव पाहिल्यावर हे गृहीतक तपासावंसं मला वाटलं. २०२०च्या जनगणनेत इथली वस्ती साडेतीन हजारही भरली नाही; पण गावातल्या बहुतेक इमारती १९६९मध्ये राष्ट्रीय वारसा नोंदवहीत गेलेल्या क्षेत्रात मोडतात. इतकं जुनं बांधकाम एकगठ्ठा उरलं कसं?

गॅलेना हे शिशाच्या खनिजाचं नाव. या टेकड्यांतून मेस्क्वाकी आणि सॉक लोक गोऱ्यांच्या आधीपासून शिसं काढत होते. १८२०च्या दशकात बाहेरच्यांची झुंबड उडाली. १८२२मध्ये केंटकीहून आलेल्या कर्नल जेम्स जॉन्सनने खाणीत राबायला गुलाम माणसं आणली. इलिनॉय तेव्हा कागदोपत्री गुलामगिरीमुक्त राज्य होतं. १८३२च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर मूळ रहिवासी मिसिसिपीपलीकडे रेटले गेले. बंदुकीच्या गोळ्या, नळ आणि रंग यांसाठी लागणारं शिसं आगबोटींत भरून नदीमार्गे जाऊ लागलं आणि धक्क्यालगत विटांच्या वखारी उभ्या राहिल्या.

भरभराटीची खूण म्हणजे १८५५मध्ये उघडलेलं पाच मजली डीसोटो हाउस. पुढच्याच वर्षी अब्राहम लिंकन यांनी तिथे भाषण केलं. त्याच दशकाच्या अखेरीस दगडी जकातघर आणि टपाल कचेरी बांधून झाली. बांधकामावर देखरेख होती ईली पार्कर या सेनेका जमातीच्या अभियंत्याची. पुढे यादवी युद्धाच्या शेवटी, १८६५मध्ये, दक्षिणेच्या शरणागतीच्या अटींची स्वच्छ प्रत लिहिली ती त्यांनीच.

पण जकातघर पुरं होईपर्यंत व्यापाराचे पाय गावाबाहेर पडू लागले होते. भट्ट्यांसाठी टेकड्यांवरची झाडं तोडली गेली, उतार नांगरले गेले, माती वाहून नदीत आली आणि पात्र गाळाने भरत गेलं. १८५४मध्ये आलेली रेल्वे वर्षभरात मिसिसिपीच्या काठापर्यंत पुढे गेली, तेव्हा मालाला गॅलेनात उतरायचं कारण उरलं नाही. वरवरचं शिसंही संपत आलं होतं. १८६०मध्ये आठ हजारांच्या वर असलेली वस्ती घटू लागली. डीसोटो हाउसची कहाणी बोलकी आहे: १८८०मध्ये त्याचे वरचे दोन मजले उतरवण्यात आले.

युलिसिस ग्रँट १८६०मध्ये वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करायला इथे आले, ते भाड्याच्या घरात राहिले. विजयी सेनापती होऊन परतल्यावर, १८६५मध्ये, गावातल्या धनिकांनी त्यांना विटांचं घर भेट दिलं. अध्यक्षपदानंतरच्या जगप्रवासात ते फेब्रुवारी १८७९मध्ये मुंबईलाही उतरले होते. त्याच वर्षाअखेर ते या घरी परतले, पण फार काळ राहिले नाहीत. १९०४मध्ये त्यांच्या मुलांनी ते घर गावाला देऊन टाकलं.

वाढत्या शहरांत जुनं पाडून नवं बांधायला पैसा असतो आणि जागेला भाव असतो. गॅलेनात दोन्ही नव्हतं, म्हणून वखारी आणि दुकानं जागच्या जागी राहिली. जपणूक फार नंतर, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली आणि तिच्यामागोमाग पर्यटकही आले.

मात्र पडत्या काळाचं हे राखणं सरसकट नसतं, असं माझं मत आहे. पैसेवाल्यांची विटा-दगडांची घरं टिकली. मेस्क्वाकींच्या वस्त्या आणि गुलाम खाणकामगारांच्या खोपटांना ते भाग्य लाभलं नाही. म्हणून सजवलेल्या मुख्य रस्त्यावरून गावाचा इतिहास वाचणाऱ्याने भोवतालच्या टेकड्यांकडे आणि अरुंद झालेल्या नदीकडेही पाहावं. या इमारतींची किंमत कुणी मोजली, ते तिथे दिसतं.